दुकानातला रिकामा खण

सोमवार, ता. ३

धाकल्या,

आधी पाठीवरून हात फिरवते, मग बाकीचं. तुझं पत्र पोचलं. चारच ओळी, पण अक्षर बघून बरं वाटलं. गोदामात आता तुला कायमचं करून घेताहेत, महिनाअखेर सही करायची आहे, आणि "घड्याळांचं नाव आता काढू नकोस आई, माझ्या हातात ते नाहीच," असं लिहिलंस. वाचलं. त्यावर मी काही बोलणार नाही. म्हणजे आज बोलणार नाही.

आज ठकीचं सांगायचं आहे. दादाची लेक म्हणून तुला ती अजून परकरातलीच वाटत असेल, पण आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माणसाच्या मनाचं शास्त्र शिकते. मी तिला म्हटलं, मन काय शिकायचं असतं होय, ते आपोआप येतं. तर म्हणाली, "आजी, येतं ते बिघडलेलं येतं, म्हणून शिकायचं." घड्याळजीची नात शोभते.

तर तिला एक प्रयोग करून दाखवायचा आहे. मला वाटलं प्रयोग म्हणजे बाटल्या, धूर, घाण वास. तसलं काही नाही. कागदावर एक चांदणी छापलेली असते, दुहेरी रेघांची. मधल्या गल्लीतून पेन्सिल फिरवायची आणि रेघेला धक्का लावायचा नाही. हे सोपं काम. अवघड काम म्हणजे तीच चांदणी, पण हातावर पुठ्ठ्याचं छप्पर, आणि समोरच्या आरशात बघून पेन्सिल चालवायची. वर जावं म्हटलं की हात खाली येतो. मी करून पाहिली. चांदणी कसली, पाय दिलेला कोळी झाला.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे बघणारा. काहींनी एकट्याने काढायची, काहींच्या समोर एक माणूस नुसता बसून बघणार. मी म्हटलं, अगं बाई, एका वेळी एकच काय ते विचार ना. आज सोपं-अवघड बघ, उद्या बघणारा बघ. तेव्हा तिने माझ्या किराण्याच्या कागदावर एक मोठा चौकोन काढला, आडवी रेघ, उभी रेघ, झाले चार खण. वरच्या दोन खणांत सोपं काम, खालच्या दोन खणांत अवघड. डावीकडचे एकटे, उजवीकडचे कुणासमोर. म्हणजे सोपं-एकटा, सोपं-समोर, अवघड-एकटा, अवघड-समोर. माणूस आला की चिठ्ठी उचलणार आणि त्या खणात जाणार, ठकीच्या मर्जीने नाही. म्हणाली, "चारही खण भरले पाहिजेत आजी, एक जरी रिकामा राहिला तरी उरलेल्या तिघांचा अर्थ लागत नाही."

आणि आता ऐक. बघणारं माणूस म्हणून तिने मला घेतलं आहे. उद्यापासून. काम काय, तर गप्प बसून बघायचं. वहिनी तोंडाला पदर लावून हसली. तुझी वहिनी, तिला मी ओळखून आहे, "सासूबाई आणि गप्प?" एवढंच म्हणायचं राहिलं होतं तिचं.

नीट जेव. गोदामात धूळ असेल, नाकाला रुमाल बांध.

आई


शनिवार, ता. ८

धाकल्या,

मला कामावरून काढलं.

हसू नकोस. पहिले दोघे सोप्या चांदणीवाले होते, ते झरझर काढून गेले, मी अगदी देवळातल्या समईसारखी स्थिर. तिसरी एक पोरगी आली, तिच्या वाट्याला आरसा. बिचारीची पेन्सिल कोपऱ्यात अडकली आणि ती नुसती गिरवत बसली तिथल्या तिथे. माझ्या पायाची बोटं वळायला लागली. तरी मी गप्प. मग ती रेघेबाहेर गेली आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "खाली, अगं खाली ओढ, हां, शाबास." तिने चमकून वर बघितलं आणि पेन्सिल गेली कागदाच्या बाहेर.

ठकी पडद्याआडून आली. रागावली नाही, पण चेहरा असा केला की रागावलेली परवडली असती. त्या दिवसाचे सगळे कागद बाद. कारण आता तो नुसता बघणारा माणूस राहिला नाही, शिकवणारा झाला. म्हणाली, "आजी, तिसरंच काहीतरी घुसलं की मला कळणार कसं, फरक कशाने पडला?" बरोबर आहे तिचं. माझी दया तिला महागात पडली.

आता माझ्या जागी कॉलेजचा माळी बसतो. काय माणूस आहे. रोपाकडे बघावं तसा माणसाकडे बघतो, उगवलं तर उगवलं. मला दाराबाहेर स्टूल दिलं आहे. काचेतून मला आतलं दिसतं, आतल्यांना मी दिसत नाही आणि ऐकूही जात नाही, म्हणजे मी कितीही बोलले तरी चालतं.

पण धाकल्या, त्या दारातून मी एक गोष्ट पाहिली ती सांगते. सोपी चांदणी काढणारे माळ्यासमोर जास्त झपाट्याने काढतात. एकटे असले की रेंगाळतात, खिडकीबाहेर बघतात. आणि आरसावाले नेमके उलटे. एकटे असले की चुकतात, थांबतात, पुन्हा लागतात, जमवतात. माळ्यासमोर त्यांचे कान लाल होतात आणि हात दगडाचा होतो. तोच माळी. एकाला पळवतो, एकाला पाडतो.

तुला काही आठवलं का. मला आठवलं. पण मी बोलणार नाही म्हटलं होतं.

आई


शुक्रवार, ता. १४

धाकल्या,

तुझं पत्र आलं. रागाचं का असेना, दोन पानं आली, नाहीतर तुझ्याकडून दोन पानं म्हणजे सण. लिहिलंस, "दिवसभर मी माल खणाखणांत लावतो, आता घरी बसून तू मलाच खणात लावायला निघालीस." लागलं मला, आणि हसूही आलं. पण मी थांबणार नाही. तुझी सही महिनाअखेर आहे, म्हणून आता स्पष्टच बोलते.

काल ठकीने सगळ्यांचे कागद मोजून झाल्यावर चित्र काढलं. एक रेघ सोप्या कामाची, एक अवघड कामाची. दोन्ही एकमेकींना मधोमध कापून गेल्या, उघड्या कात्रीसारख्या. मग तिने मला गंमत दाखवली. सोपं-अवघड विसरून नुसतं विचारलं, "कुणी बघत असलं तर फरक पडतो का?" तर उत्तर येतं, पडत नाही. कारण एकीकडे जितकं सुधारलं तितकंच दुसरीकडे बिघडलं, आणि बेरजेत दोन्ही जिरून गेलं. "म्हणून तर चार खण," म्हणाली. "बघण्याने काय होतं ते काम कसलं आहे त्यावर ठरतं. एकट्या गोष्टीला विचारलं तर ती खोटं बोलते." मी तो कागद देवाच्या फळीवर ठेवणार होते, तिने परत मागून घेतला, कॉलेजातल्या बाईंना दाखवायचा होता.

आता आपलं दुकान. तुमच्या वडिलांचा दंडक तुला पाठ आहे, गिऱ्हाईकाचं घड्याळ गिऱ्हाईकासमोरच उघडायचं. आतला माल बदलला असं कुणी म्हणायला नको. म्हणून टेबल दाराशी, काचेमागे, आणि माणसं काचेवर नाक लावून उभी. चांगलाच दंडक होता, त्यानेच दुकानाचं नाव झालं.

त्या काचेमागे तू पट्टे बदलायचास, सेल घालायचास, काचा बसवायचास, तेव्हा कसा हात चालायचा तुझा. समोर चार माणसं असली की आणखी खुलायचास, बोलता बोलता काम. सकाळी दुकान उघडायच्या आधी तीच कामं तू एकट्याने करायला बसलास की जांभया देत बसायचास, मी झाडू मारता मारता बघायची. आणि बारीक काम आलं, घड्याळातली केसासारखी कमान, ती बारीक स्प्रिंग, सरळ करायची आली, की तुझा खांदा वर चढायचा.

तो दिवसही आठवतो. बँकेतल्या त्या बाईचं इवलंसं मनगटी घड्याळ. ती काचेवर वाकलेली, दादा तुझ्या मागे उभा. तू म्हणालास, "दादा, जरा मागे सर." तो सरला नाही. म्हणाला, "हात आहे की फावडं?" बाई हसली. कमान उडाली आणि वाकडी झाली. तू डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलंस आणि चपला घालून गेलास, त्याला दीड वर्ष झालं.

मी हे सगळं ठकीला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बरोबर आजी, काकाचा हात चांगलाच आहे. तर म्हणाली नाही. म्हणाली, "आजी, माझा प्रयोग खूप माणसांच्या बेरजेवर बोलतो. काका एकटा आहे. त्याचं त्याच्यावरूनच कळणार." आणि मग पेन्सिलीने चौकोन काढून म्हणाली, "हे बघ. काकाचे तीन खण तू पाहिलेस. सोपं एकटा, सोपं लोकांसमोर, अवघड लोकांसमोर. अवघड काम आणि एकटा, हा खण कुठे आहे?"

मी आठवत बसले. धाकल्या, तो नाहीच. आपल्या दुकानात तो खण कधी भरलाच नाही. अवघड घड्याळ बंद दाराआड उघडायचंच नाही असा नेम, मग भरणार कुठून? म्हणजे तुझ्या हातात ते आहे की नाही हे मला माहीत नाही, दादाला माहीत नाही, आणि बाळा, तुलाही माहीत नाही. तू लिहितोस "नाहीच". तीन खण बघून चौथ्याचं कसं लिहिलंस?

आई


बुधवार, ता. १९

धाकल्या,

घाईत लिहिते, कारण पोटात मावत नाही.

रविवारी जेवताना मी विषय काढला. तुझं नाव निघालं की दादा ताटात बघतो, तसाच बघायला लागला. मग म्हणाला, "लोक बघतात म्हणून हात थरथरतो, ही पळवाट आहे. मी पण त्याच काचेमागे बसतो. मला नाही काही होत."

ठकी म्हणाली, "बाबा, तुम्हाला ते काम अवघड राहिलंच नाहीये. इतकी वर्षं करताय. तुमच्यासाठी ती कमान म्हणजे सेल बदलण्यासारखी."

"म्हणजे मी शिकलो हा माझा गुन्हा?"

"नाही. पण काकाच्या खुर्चीत तुम्ही कधी बसलाच नाहीत."

वहिनी वाढता वाढता थांबली. मला वाटलं आता ताट सरकवतो. पण त्याला चेव चढला. "आण तुझी चांदणी. सगळ्यात अवघड ती आण." ठकी म्हणाली, उद्या कॉलेजात या, तुमचा कागद मी मोजणीत धरणार नाही, घरचे आहात, पण या. एकट्याने काढणार की समोर माणूस बसवू? "बसव की. जन्म गेला माझा लोकांसमोर."

सोमवारी दुकान वहिनीवर सोडून आला. मी माझ्या दाराबाहेरच्या स्टुलावर. दादाने बाह्या दुमडल्या, पुठ्ठ्याखाली हात घातला, आरशात बघितलं. समोर माळी. पहिली बाजू कशीबशी पार पडली. कोपऱ्यावर पेन्सिल अडली. तू बघायला हवा होतास, तो हात, जो चिमट्याने मुंगीचा पाय सरळ करील, तो जागच्या जागी थडथडत होता. माळी आपला रोपाकडे बघावं तसा बघत होता, बिचाऱ्याने श्वाससुद्धा मोठा घेतला नाही.

दार त्या दिवशी जरासं उघडं राहिलं होतं, त्या फटीतून मला दादाचा आवाज आला. "अहो, जरा मागे सरा."

म्हणाला आणि थांबला. पेन्सिल तशीच कागदावर. मग त्याने हात बाहेर काढला, चांदणी अर्धीच ठेवली, आणि माळ्याला नमस्कार करून बाहेर आला. माळी ठकीला विचारत होता, माझं काही चुकलं का ताई.

घरापर्यंत एक शब्द नाही. मी पण बोलले नाही, आणि मी बोलले नाही हे तुला खरं वाटणार नाही, पण देवाशपथ. नळावर पाय धुताना एवढंच म्हणाला, "तो म्हणाला होता मागे सर."

"हो," मी म्हटलं.

आई


शनिवार, ता. २२

धाकल्या,

या पत्राच्या आधी तुला एक छोटं पार्सल मिळालं असेल. त्यात दादाची चिठ्ठी नाही हे मला माहीत आहे. लिहून फाडल्या त्याने, मी कचरा काढते ना.

त्यातलं घड्याळ हॉस्पिटलातल्या नर्सबाईंचं आहे, ज्या छातीवर उलटं घड्याळ लावतात त्या. कमान गुंतली आहे, दादा म्हणाला आमच्याकडे आलेलं या वर्षातलं सगळ्यात त्रासाचं काम. त्या काचेपाशी उभ्या होत्या, तो नेहमीसारखं उघडेल म्हणून. दादाने घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं, आणि उघडलंच नाही. म्हणाला, "हे मी तुमच्यासमोर उघडणार नाही. हे माझा भाऊ करील, तो दुसऱ्या गावी असतो, तिथे त्याच्या खोलीत उघडेल. तुम्हाला बघायला मिळणार नाही. विश्वास असेल तर ठेवून जा."

धाकल्या, वडिलांच्या वेळेपासून आपल्या दुकानात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. नर्सबाईंनी दादाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, "मला नाडी मोजायला घड्याळ हवंय, तुमच्या भावाचं तोंड बघून काय करू?" आणि ठेवून गेल्या.

तुझी अवजारं पार्सलात आहेतच. मला कळतं तुला काय वाटत असेल. आत्तापर्यंत दादाला दोष देता येत होता, गिऱ्हाईकाला देता येत होता. खोलीत एकटा बसलास आणि तिथेही बिघडलं, तर मग कुणाला देणार. ठकी हेच म्हणाली, "आजी, रिकाम्या खणात काय निघेल ते सांगता येत नाही, म्हणून तर भरायचा." मी पण काही हमी देत नाही. बिघडलं तर बिघडलं, नर्सबाईंना मी तोंड देईन, आणि तू गोदामात सुखाने सही कर, मी वर्षभर त्या विषयाचं नाव काढणार नाही. बरं, सहा महिने.

पण दार लावून घे. शेजाऱ्याला बोलवू नकोस. मलाही मनात आणू नकोस, मी मनातसुद्धा गप्प बसत नाही हे तू जाणतोस.

आई


गुरुवार, ता. २७

धाकल्या,

काल टपालवाला आला तेव्हा दादा काचेमागे होता. तुझं पार्सल त्याने लगेच फोडलं नाही. आधी समोरच्या गिऱ्हाईकाचा पट्टा बदलला, पैसे गल्ल्यात टाकले, भिंग पुसलं, परत पुसलं. मी आणि वहिनी दोघी आतल्या दारात, एकमेकींना कोपर मारत.

कानाला लावलं. मग मागचं झाकण उघडून भिंगातून बघत बसला. मला वाटलं काहीतरी गफलत आहे, इतका वेळ. शेवटी मी विचारलंच, "काय रे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे शोधतोय, पण काही नाही. मी केलं असतं तर इथे एक ओरखडा आला असता." आणि भिंग डोळ्यावर तसंच ठेवून नाक ओढलं. भिंग लावलं की डोळा दिसत नाही, त्याचा फायदा घेतला लबाडाने.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. मनगट धरून स्वतःचीच नाडी मोजली, घड्याळाकडे बघत, आणि म्हणाल्या, "दोन्ही चालू आहेत." ठकीला सांगितलं तर ती नाचली नाही, तिची पद्धतच तशी, म्हणाली एका घड्याळावरून काही ठरत नाही, आणखी पाठवा. दादा म्हणाला, "पाठवतोच आहे." टेबलाच्या खणात तीन घड्याळं कापसात गुंडाळून ठेवली आहेत त्याने. तुला इकडे यायलाच पाहिजे असं तो म्हणत नाही, मीही म्हणत नाही. तिथेच तुझ्या खोलीत दार लावून बस. गोदामाचं काय ते तू ठरव, दोन्ही करायचं तर दोन्ही कर. ये कधीतरी मात्र. नुसता जेवायला.

मी दादाला म्हटलं, या पत्राच्या खाली तूही चार ओळी लिही. बघ, हा पेन घेऊन माझ्यासमोर बसला आहे. "धाकल्या" एवढं लिहिलं, खोडलं, परत पेन टेकवलं, आणि टेकवूनच बसला आहे. मी म्हटलं, लिही की, एवढं काय त्यात. कान लाल झाले आहेत त्याचे. आत्ता मान वर न करता म्हणाला, "आई, तू जरा आत जा बघू."

तेव्हा मी उठते. खालची जागा त्याची.

आई